तीन बादल्या आणि पाल्याचं एक पोतं: फ्लॅटमधला ओला कचरा घरातच कसा जिरवावा

घरातल्या कचऱ्याचा प्रश्न स्वयंपाकघराच्या ओट्यावरच सुटतो किंवा तिथेच अडतो. भाजीची सालं, चहाचा चोथा आणि ताटातलं उष्टं वेगळं निघालं की मागे जे राहतं ते कोरडं असतं. त्याला वास येत नाही, ते पंधरा दिवस बाल्कनीत पडून राहिलं तरी चालतं आणि रद्दीवाला ते खुशीने नेतो. तेच आमटीत भिजलं की पुठ्ठ्याचा लगदा होतो, दुधाची पिशवी आंबते आणि विकता आली असती अशी प्रत्येक वस्तू घाण बनते. म्हणून सुका कचरा सात-आठ डब्यांत वेगळा करण्याचा उत्साह नंतर दाखवावा. पहिलं काम ओलं आणि सुकं यांची गाठ पडू न देणं.

ही गाठ पडली की पुढे काय होतं ते मुंबईकरांनी पाहिलेलं आहे. देवनारच्या कचरा डेपोवर १९२७ पासून कचरा पडत आला आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. ओला कचरा थरांखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही, तो हवेवाचून कुजतो आणि मिथेन हा पेटणारा वायू तयार होतो. वर प्लॅस्टिक आणि कागद असतातच. ठिणगी कुठूनही येते. तोच ओला कचरा हवेत कुजला तर मिथेन जवळजवळ होत नाही, आणि बाल्कनीतल्या बादलीत हवा देणं आपल्या हातात असतं.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने प्रत्येक घरावर ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन भागांत कचरा देण्याची जबाबदारी टाकली. शंभर किलोच्या वर रोजचा कचरा निघणाऱ्या किंवा पाच हजार चौरस मीटरच्या पुढच्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. सोसायटीत खताचा हौद नीट चालू असेल तर पुढची बादल्यांची खटपट करू नका, ओला कचरा वेगळा करून तिथेच द्या. नसेल, किंवा असून बंद पडलेला असेल (हे जास्त दिसतं), तर बाल्कनीतल्या बादलीत ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं ते पुढे वाचा.

आधी वजन, मग खरेदी

बाजारात दोन-तीन हजारांचे रंगीत कंपोस्टर मिळतात. ते घेण्याआधी सात दिवस ओला कचरा रोज वजन करून कागदावर लिहा. सामानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा पुरतो. चार माणसांच्या, रोज दोन वेळा स्वयंपाक होणाऱ्या घरात बहुधा अर्धा ते एक किलो निघतो. कलिंगड आणि आंब्याच्या दिवसांत तो दुप्पट होऊ शकतो, म्हणून एप्रिल-मे मधला आकडा वर्षभराचा धरू नका.

हे वजन करताना दुसरी गोष्ट लक्षात येते: यातला बराच भाग खाण्याजोगा होता. दोडक्याच्या शिरा, दुधीची सालं आणि वाटाण्याची टरफलं यांना आपल्या स्वयंपाकात पूर्वीपासून जागा आहे. दोडक्याच्या शिरा तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं आणि लसणाबरोबर कुटल्या की चार दिवस टिकणारी चटणी होते. वाटाण्याच्या टरफलांची आतली चिवट पापडी ओढून काढली तर बाकीच्या सालाची भाजी होते. ती न काढता केली तर चोथा चावत बसावं लागतं आणि भाजी पुन्हा कचऱ्यातच जाते. कलिंगडाचा हिरवा पापुद्रा काढून आतला पांढरा भाग किसून थालीपिठात घालावा, पाणी वेगळं घालावं लागत नाही. कोथिंबीर पिशवीतच काळी पडते, कारण ती धुऊन ओली ठेवलेली असते. न धुता, पिवळी पानं काढून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडा काढते. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात सांगायला नको. मात्र भात रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर तो बादलीतच बरा. शिजलेला भात उबेत राहिला की त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम करून जात नाही.

बादल्या: किती, केवढ्या, कशा

हिशेब असा. रोज पाऊण किलो ओला कचरा म्हणजे साधारण दीड लिटर आकारमान. त्यात तेवढाच सुका पाला. रोज तीन लिटर भर पडली तर वीस लिटरची बादली आठवड्यातच भरायला हवी; पण कचरा कुजताना झपाट्याने खाली बसतो, त्यामुळे प्रत्यक्षात तिला तीनेक आठवडे लागतात. भरल्यावर खत पिकायला आणखी किमान सहा आठवडे. म्हणजे पहिली बादली पिकत असताना दुसरी आणि तिसरी भरायला हवी. चार माणसांना वीस लिटरच्या तीन बादल्या. दोनच माणसं असतील तर दोन बादल्यांत भागतं, कारण एक भरायला पाच-सहा आठवडे जातात. बहुतेक घरांत हा प्रयोग फसतो तो एकच बादली आणल्यामुळे: ती भरते, कच्चा माल कुठे काढायचा कळत नाही आणि सगळं घंटागाडीत जातं.

भिंतीच्या रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या रंगकाम करणाऱ्यांकडे किंवा भंगाराच्या दुकानात मिळतात. पाण्यावर आधारित डिस्टेंपर किंवा इमल्शनच्या घ्या. ऑइलपेंटच्या घेऊ नका, आतला थर निघत नाही. घासून, उन्हात वाळवून वाळलेल्या रंगाचे पापुद्रे सोलून काढा.

भोकं ड्रिल मशीनने आठ मिलिमीटरच्या बिटने पाडावीत. तापवलेल्या सळईने पाडली तरी पडतात, पण धूर विषारी असतो आणि भोकाच्या कडा ठिसूळ होऊन बादली पुढे तिथेच तडकते. बाजूने पहिली ओळ तळापासून पाच सेंटिमीटरवर, मग दर दहा सेंटिमीटरवर एक ओळ, ओळीत भोकांतलं अंतरही दहा सेंटिमीटर. वरची ओळ झाकणाच्या चार बोटं खाली थांबवा. तळाला सहा भोकं. भोकांवर आतून मच्छरदाणीच्या जाळीचे तुकडे चिकटवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक ते टाळतात. मग पावसाळ्यात चिलटांवरून घरात वाद होतात. झाकणाला भोकं नकोत, ते नुसतं ठेवा, दाबून बसवू नका.

बादली दोन विटांवर, खाली पसरट ताट ठेवून. तळातली भोकं जमिनीला टेकली की ती बंद होतात आणि खालचा चार बोटांचा थर सडतो. जागा सावलीची, पावसाची झड न येणारी. ऊन लागलं तर खत लवकर होतं हा गैरसमज आहे. उन्हाने बादली नुसती वाळते.

पाल्याचं पोतं

खत बिघडण्याची दहापैकी आठ कारणं सुक्या पाल्याच्या कमतरतेत सापडतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर, कर्ब (कार्बन) कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पंचवीस ते तीस भाग लागतात. भाजीपाल्यात हे प्रमाण पंधरा-वीसच्या आसपास असतं, वाळलेल्या पानांत पन्नास-साठ. दोन्ही मिसळलं की जमतं. शिवाय पाला पाणी शोषतो आणि मधे हवेला फटी ठेवतो. हे काम कुठलीही विकतची पावडर करत नाही.

आपल्याकडे पानगळ फेब्रुवारी ते एप्रिल. त्या दिवसांत सोसायटीचा झाडूवाला रोज पोत्याने पाला गोळा करतो आणि बऱ्याच ठिकाणी तो जाळला जातो. त्याला आधी सांगून ठेवलं की वर्षाची बेगमी फुकटात होते. चार माणसांच्या घराला चुरलेल्या पाल्याची साखरेच्या पोत्याएवढी सहा-सात पोती वर्षाला लागतात. एवढी जागा नसेल तर दोन पोती पावसाळ्यापुरती राखून ठेवा, कारण जून ते सप्टेंबर कोरडं पान मिळत नाही.

कुठला पाला? गुलमोहोर, चिंच आणि शिरीष यांची बारीक पानं सर्वांत सोयीची, चुरावीही लागत नाहीत. करंज आणि पिंपळ चांगले. आंबा, फणस आणि बदाम यांची पानं जाड आणि चिवट. पोत्यात भरून पायाने तुडवून चुरा केला तरच घ्या. पान अख्खं राहिलं तर ते बादलीत छपरासारखं बसतं आणि त्याच्याखाली हवा जात नाही.

पाला मिळतच नसेल तर लाकडाच्या वखारीतला भुसा चालतो, पण निम्म्याच मापाने, कारण त्यात कर्ब फार जास्त आणि कुजायला वेळ फार. फर्निचरवाल्याकडचा भुसा मात्र नको. त्यात प्लायवूड आणि एमडीएफचा (दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचा) चुरा असतो, म्हणजे फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाचं सरस. कोकोपीट (नारळाच्या शेंड्यांचा भुसा) उत्तम, फक्त विकत घ्यावं लागतं. नारळाच्या शेंड्या घरातच निघतात. त्या कात्रीने बारीक करून पोत्यात टाकत जा. अंड्यांचे कागदी ट्रे आणि गुळगुळीत नसलेला पुठ्ठा बोटभर तुकडे करून चालतो. वर्तमानपत्र अगदीच अडलं तर. ओलं झालं की ते चिकटून बसतं, आणि तसंही त्याला रद्दीत भाव आहे.

रोजचं काम, पाच मिनिटांचं

तळाला चार बोटं नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या काड्या. त्यावर दोन मुठी जुनं खत. ते नसेल तर झाडाखालची वरची माती, ज्यात पाला कुजलेला दिसतो अशी. यातच लागणारे सगळे जिवाणू आणि बुरश्या असतात. वाटीभर आंबट ताकात सुपारीएवढा गूळ कालवून शिंपडण्याची पद्धत रूढ आहे. तिने सुरुवात थोडी लवकर होते, नाही केलं तरी काही अडत नाही. जिवाणूंच्या विकतच्या कल्चरच्या पाकिटाला पैसे घालण्यापेक्षा ते पैसे कोकोपीटला घाला.

दिवसभराचा ओला कचरा ओट्यावर चाळणीत ठेवा, खाली वाडगं. संध्याकाळपर्यंत त्यातलं बरंच पाणी गळून जातं. हे पाणी बादलीत न गेल्यामुळे निम्मे त्रास वाचतात. मोठे तुकडे सुरीने दोन-तीन सेंटिमीटरचे करा. कोबीचा दांडा किंवा केळ्याचं साल अख्खं टाकलं तर महिनाभर तसंच हाताला लागतं. मिक्सरमधून मात्र काढू नका. लगदा झाला की फटी संपतात.

मग बादलीत कचरा, त्याच मापाने पाला, खुरप्याने वरच्या वीतभर थरात कालवायचं आणि शेवटी दोन बोटं कोरड्या पाल्याचं पांघरूण. कचऱ्याचा एकही तुकडा वरून दिसता कामा नये. चिलटं पाल्यावर अंडी घालत नाहीत, सालावर घालतात. दर तीन-चार दिवसांनी तळापर्यंत हात घालून खालवर करा. खुरप्यापेक्षा बागेचा तीन दातांचा पंजा यासाठी सोयीचा.

ओलावा बघायची खूण: मूठभर माल घट्ट दाबा. बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. पाणी निथळलं तर पाला वाढवा. मूठ उघडल्यावर गोळा न राहता सांडला तर पाण्याचा हबका मारा. मुंबई-कोकणात पाला वाढवायची वेळ येते. नागपूर, अकोला, जळगावकडे मे महिन्यात दर दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर सगळी प्रक्रिया थांबते आणि बादलीत वाळवणासारखा सुका माल साठतो.

चार-पाच दिवसांत आतला माल कोमट लागायला लागतो. शेतातल्या मोठ्या ढिगासारखी साठ अंशांची उष्णता एवढ्याशा बादलीत टिकत नाही, पण कोमट असणंही पुरेसं आहे. म्हणूनच ‘कंपोस्टेबल’ छाप मारलेल्या पिशव्या आणि चमचे यात टाकू नयेत. आयएस १७०८८ हे त्यांचं मानक कारखान्यातल्या खतासाठी आहे, जिथे तापमान आठवडेच्या आठवडे चढं ठेवतात. बाल्कनीत ती पिशवी जशीच्या तशी निघते.

चहाचा चोथा धुऊन टाका. साखर आणि दुधाने मुंग्या आणि आंबूस वास येतो. टी-बॅगमध्ये बहुधा प्लॅस्टिकचे धागे असतात, ती फाडून आतली पूडच घ्या. फळांवरचे स्टिकर आधी काढा. अंड्याचं कवच वाळवून चुरून घाला. लिंबू, मोसंबी आणि संत्र्याची सालं थोडी थोडी, एकदम ओंजळभर नको. शिजलेला भात गोळा होऊन सडतो, तो दुप्पट पाल्यात मोकळा करून टाका. निर्माल्यातली फुलं, दूर्वा, पत्री चालतात, पण हारातला दोरा, जरी आणि प्लॅस्टिकचे मणी निवडून काढावे लागतात. गणपतीच्या दहा दिवसांत हे काम वाढतं, तेव्हा घरातल्या मुलांना बसवावं.

तेलकट रस्सा, लोणचं, मासे-मटणाची हाडं यांना बाल्कनीतल्या बादलीत प्रवेश नाही. मीठ आणि तेल जिवाणूंना मारक, आणि माशाच्या काट्यांवर मांजर आल्याशिवाय राहत नाही. अंगण असलेल्यांनी हे फूटभर खोल पुरावं. कोकणात माडाच्या आळ्यात पुरतातच. फ्लॅटवाल्यांनी ते घंटागाडीच्या ओल्या डब्यात द्यावं. करवंट्या, शहाळी, आंब्याच्या कोयी आणि फणसाची चारखंडं (गरे काढून उरलेला भाग) यांचंही तेच. ती कुजतात, पण वर्ष घेतात.

बिघडलं तर

नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालं. दोन ओंजळी पाला कालवला की एका दिवसात थांबतो. सडक्या अंड्यासारखा वास वेगळा: माल भिजून हवा संपली आहे. हे दुरुस्त करायला सगळा माल घमेल्यात काढा, गोळे फोडा, निम्मा पाला मिसळा, तळाची भोकं काडीने मोकळी करा आणि परत भरा. वरवर पाला टाकून हा वास जात नाही, कारण सडलेला थर खाली असतो.

ताटात काळं पाणी साठत असेल तर त्याला ‘कंपोस्ट टी’ म्हणून कौतुक करणारे भेटतील. बादलीत पाणी फार आहे एवढाच त्याचा अर्थ. ते दहापट पाण्यात मिसळून मोठ्या झाडांना घाला, तुळशीला किंवा कोवळ्या रोपांना नको.

पांढरी बुरशी, जाळीसारखी पसरलेली, दिसली तर काहीच करू नका. ती पाल्यातलं लाकडी द्रव्य खाते आहे.

आता अळ्या. पावसाळ्यात हमखास होतात आणि बहुतेक घरांत बादली याच दिवशी फेकली जाते. मळकट पांढऱ्या, चपट्या, अंगावर वळ्या असलेल्या, पुढे तपकिरी होणाऱ्या आणि दोन सेंटिमीटरपर्यंत वाढणाऱ्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्या कचरा भराभर खातात, आणि त्यांची काळी लांबट माशी चावत नाही की आपल्या अन्नावर बसत नाही. त्या मोठ्या झाल्या की स्वतःच कोरड्या जागेकडे बाहेर निघतात. घरभर फिरू नयेत म्हणून जाळी लागते ती अशा वेळी. बारीक, गोलसर, एका टोकाला निमुळत्या पांढऱ्या अळ्या घरमाशीच्या. त्यांचा अर्थ कचरा उघडा राहिला. दोन्हींना इलाज एकच: पाला वाढवा, खालवर करा, पांघरूण जाड ठेवा. फिनेल, कीटकनाशक किंवा चुन्याची मूठ टाकू नका. पहिली दोन सगळ्यांनाच मारतात आणि चुना नत्र उडवून लावतो. निंबोळी पेंडीचा मूठभर चुरा पांघरुणात मिसळला तर चिलटं कमी होतात. उरलेल्या चिलटांसाठी वाटीत गुळाचं पाणी, दोन थेंब व्हिनेगर आणि एक थेंब भांड्यांचा साबण घालून बादलीशेजारी ठेवा. साबणामुळे ती पाण्यावर बसू शकत नाहीत, बुडतात.

मुंग्या झाल्या म्हणजे माल कोरडा आहे. पाणी शिंपडून खालवर केलं की त्या घर बदलतात.

पिकलं कधी म्हणायचं

भरलेल्या बादलीवर तारीख लिहा. सहा आठवडे आठवड्यातून एकदा खालवर करा, ओलावा बघा, नवा कचरा घालू नका. तयार खत काळपट, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो. शंका असेल तर मूठभर ओलं खत बरणीत झाकण लावून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर कच्चं आहे. किंवा त्यात मेथीचे दहा दाणे पेरा. चार-पाच दिवसांत आठ-नऊ उगवले तर वापरा. कच्चं खत कुंडीत घातलं की त्यातले जिवाणू मातीतलं नत्र स्वतःकडे ओढतात आणि झाडं पिवळी पडतात; दोष मग खताला दिला जातो.

वाळू चाळायच्या चाळणीतून काढा. वर राहिलेला चाळ नव्या बादलीच्या तळाला, म्हणजे तेच विरजण. पंधरा किलो ओल्या कचऱ्यातून तीन-चार किलो खत निघतं. कुंडीत दोन भाग मातीला एक भाग खत पुरतं. नुसत्या खतात झाड लावू नका, ते पाणी दिल्यावर बसतं आणि मुळं उघडी पडतात. आठ-दहा दिवस गावाला जाणार असाल तर चालू बादलीवर चार बोटं पाला घालून निघा, आल्यावर पाणी शिंपडून खालवर करा. बादलीला रजा चालते.

सुकं: धुणं, वाळवणं, चपटं करणं

ओलं सुटल्यावर सुक्यासाठी एक मोठी पिशवी आणि रद्दीसाठी एक कोपरा पुरतो. वर्तमानपत्रं, वह्या आणि पुठ्ठा वेगळे बांधा, तिघांचे भाव वेगळे असतात. वहीची स्पायरल तार काढा. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण रद्दीत, तेल लागलेला तळ फाडून घंटागाडीत. दुकानातल्या चकचकीत पावत्या थर्मल, म्हणजे रसायनाचा थर दिलेल्या कागदाच्या असतात. त्या ना रद्दीत, ना खतात.

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा त्रिकोण सुटा करू नका, चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लटकू द्या. सुटा तुकडा कुणीही उचलत नाही आणि गटारात जातो. रिकामी पिशवी पाण्याने खळबळून ते पाणी कुंडीत टाका, पिशवी चिमटा लावून वाळवा. हे पॉलिथिन चांगल्या दर्जाचं असतं आणि भंगारात जातं. पाण्याच्या बाटलीवर त्रिकोणात १ असतो, शाम्पूच्या बाटलीवर बहुधा २, आइस्क्रीमच्या डब्यांवर बहुधा ५. या तिन्हींना गिऱ्हाईक आहे. ३, ६ आणि ७ ला फारसं नसतं. वेफर्स-बिस्किटांची चमकदार वेष्टनं प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर चिकटवून केलेली असतात, ते थर सुटे करणं परवडत नाही. ती सुक्या कचऱ्यात द्यावीच लागतात, पण खरा उपाय दुकानातच आहे: छोट्या दहा पाकिटांऐवजी एक मोठं, दही डब्यात, फरसाण सुटं, पीठ गिरणीतून. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी भाजीवाल्याकडे ती मिळते. आपल्या पिशवीत कोथिंबीर-मिरचीसाठी दोन छोट्या कापडी थैल्या ठेवल्या की मागावी लागत नाही.

काचेची बाटली अख्खी द्या, फोडू नका. अख्खी बाटली पुन्हा भरली जाते, काचेचे तुकडे फक्त वितळवायला जातात.

जे बादलीतही नाही आणि रद्दीतही नाही

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर लाल पेनने मोठा ठिपका काढा आणि वेगळे द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही खूण रुजवली. कारण सरळ आहे: सुका कचरा कुणीतरी हाताने उघडून निवडतं आणि आत काय आहे ते त्या कचरावेचक बाईला उघडायच्या आधी कळायला हवं.

इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणीत जमवा, भरली की झाकणाला चिकटपट्टी लावा आणि आपल्या डॉक्टरकडे किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये घेतात का विचारा. फुटलेली काच आणि ब्लेड पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरात लिहा. मुदत संपलेली औषधं बेसिनमध्ये ओतू नका, ती घरगुती घातक कचऱ्यात.

मोबाइल आणि पॉवरबँकच्या लिथियम बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात टाकल्या तर गाडीत दाबल्या जाऊन पेट घेतात. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर किंवा दुकानातल्या पेटीत द्या. फुगलेली बॅटरी घरात साठवू नका, ती लगेच पोचवा. सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो. ती फुटली तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा उडतो. जाड कागदाने तुकडे उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कागदाने पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून घातक कचऱ्यात द्या.